डिंक फुगत नव्हता तेव्हा

माझा स्वभाव संशयी आहे, हे बायकोनं मला लग्नानंतर आठ दिवसांत सांगितलं. भाजीवाल्यानं दोन मिरच्या वरून टाकल्या तरी मी तागडीच्या खाली वाकून बघतो. बसमध्ये शेजारचा माणूस फार गोड बोलायला लागला की पिशवी मांडीवर घेतो. यात मला कधी गैर वाटलं नाही. आमच्या गावच्या, उंद्रीकडच्या शाळेत डस्टर हरवलं, खडूचा डबा हरवला, की गुरुजी आधी बौद्ध वस्तीतल्या पोरांना दप्तरं उघडायला लावायचे. मी पाच वर्षं दप्तर उघडून दाखवलं. त्यात एकदाही काही सापडलं नाही, तरी पुढच्या वेळी पहिलं दप्तर माझंच. असा वाढलेला माणूस मोठेपणी दुसऱ्यांची दप्तरं तपासायला लागला तर त्यात नवल काय, असं मी स्वतःला सांगत आलो. आता तितक्या ठामपणे सांगवत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका फार्मसी कॉलेजात मी शिकवतो. नोकरी टिकवायची तर पीएचडी हवी, म्हणून पुण्याच्या एका गाइडकडे नाव नोंदवलं. विषय होता धावड्याचा डिंक. बाळंतिणीच्या लाडवात जातो तोच. आमच्या डोंगरात धावडा भरपूर. हा डिंक पाण्यात टाकला की फुगतो, चिकट होतो. पण कधी जास्त फुगतो, कधी कमी, आणि औषधाच्या कामात असा लहरीपणा चालत नाही. म्हणून त्याच्या लांबलचक साखळीवर जागोजागी एक लहान रासायनिक शेपटी जोडायची. मग तो एकसारखा फुगतो. अशा डिंकात मधुमेहाचं औषध घालून गोळी केली की पोटात गोळीभोवती जेलीचा थर तयार होतो आणि त्यातून औषध बारा तास थोडं थोडं झिरपत राहतं. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी सकाळ-संध्याकाळ दोनदाच घ्यावी लागेल, एवढंच माझं स्वप्न होतं. आमच्याकडे साखरवाले घरोघर आहेत, आणि दुपारची गोळी शेतात हमखास राहते.

पहिली बॅच अशी जमली की मीच चकित झालो. सकाळी सातला, गोळीतून औषध किती सुटतं ते बघायचं यंत्र लावलं. सहा भांड्यांत सहा गोळ्या, वर फिरणाऱ्या पट्ट्या, आणि मी दर तासाला नमुना काढतोय. औषध पुस्तकात दाखवतात तसं सावकाश सुटत गेलं. आलेख काढून गाइडना पाठवला. त्यांचा फोन आला.

"छान आहे," ते म्हणाले. "फारच छान आहे. तुमच्या भागातल्या मुलांचा डेटा नेहमी असा सुंदर असतो."

मी हसलो आणि फोन ठेवला. मग दहा मिनिटांनी त्या वाक्यातली मेख लक्षात आली आणि कान तापले. त्यांनी सरळ काही म्हटलं नव्हतं. पण दप्तर उघड, असंच म्हटलं होतं.

मी ताबडतोब दुसरी बॅच केली. ती फसली. डिंक फुगेचना. गोळीभोवती जेली धरायच्या ऐवजी गोळी भुसभुशीत होऊन दोन तासांत सगळं औषध मोकळं. तिसरी बॅच बरी आली, चौथी पुन्हा फसली. हे सगळं गाइडना कळवावंच लागलं. त्यांनी थंडपणे सांगितलं, "पहिली बॅच पुन्हा तशीच करून दाखवा. लागोपाठ तीनदा. जूनमध्ये पीएचडी समितीची बैठक आहे. तोवर जुळलं नाही, तर मला समितीपुढे सांगावं लागेल की पहिल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही."

म्हणजे पीएचडी तर जाणारच होती, वर खोटे आकडे लिहिणारा म्हणून नाव लागणार होतं. ते नाव एकदा लागलं की या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. मला भीती वाटली, आणि मी घाबरलो की माझा राग दुसऱ्यावर निघतो. मी खात्रीनं ठरवलं, की माझ्या कामात कुणीतरी काडी घालतंय.

पहिला संशय डिंकवाल्या बाईवर. ती डोंगरातल्या पाड्यावरून मंगळवारच्या बाजाराला यायची. गोणपाटावर डिंक, मोह, चारोळी मांडून बसायची. वयानं माझ्या आईएवढी. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "मावशी, यात बाभळीचा डिंक मिसळता का?"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. गोणपाटावरचा एक खडा उचलून उन्हात धरला.

"हा पाह्य," ती म्हणाली. "बाभयीचा लाल असते. हा काचेवानी हाय. तुले दिसत नाई काय?"

"दिसतंय, पण फुगत नाहीये."

"मंग तुह्या हाताले काई झालं असंन. धावड्याले काई झालं नाई."

बाजूच्या लसूणवाल्यापासून चपलांच्या दुकानापर्यंत सगळे हसले. मी चिडून तिच्याकडचा नवा डिंक घेतला, कॉलेजात अजून जुना होताच, आणि दोन्हींना शेपट्या जोडून चिकटपणा एकाच दिवशी मोजला. दोन्ही सारखेच खराब निघाले. कुठल्याही शहाण्या माणसानं यावरून म्हटलं असतं की दोन्ही डिंक सारखे आहेत, दोष तिसरीकडे असेल. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. पण तेव्हा मी म्हटलं, बाईनं दोन्ही वेळा फसवलं. पुढच्या मंगळवारी भर बाजारात तसं बोलून आलो. तिनं गोणपाटाचं टोक माझ्या पायाखालून ओढून घेतलं आणि म्हणाली, "उठ इथून." नंतर मी माफी मागायला गेलो होतो. तिनं ऐकून घेतलं, पण डिंक मला आजही विकत नाही. मी गोणपाटासमोर थांबलो की ती मोहाच्या फुलांवर पदर ओढते.

मग मी मलकापूरहून बंद पाकिटातला डिंक आणला. त्याचीही एक बॅच जमली, एक फसली.

आता बाजार संपला, प्रयोगशाळा उरली. तिथं मी आणि भाऊ, दोघंच. भाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. पन्नाशी ओलांडलेले, पूर्णेच्या काठच्या गावातले, सगळं कॉलेज त्यांना भाऊच म्हणायचं. काचेची भांडी ते अशी धुवायचे की ओठ लावून पाणी प्यावं. पण त्या वर्षी त्यांचं लक्ष नव्हतं. आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर, कधी दुपारीच निघून जायचे. विचारलं की, "घरचं जरा होतं सर." त्यांच्या बायकोच्या किडन्या कमजोर झाल्या होत्या, तिला तपासायला अकोल्याला न्यावं लागायचं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी म्हणायचो, दर वेळी अकोलाच कसं?

एकदा संशय धरला की सगळं त्यात बसायला लागतं. भाऊंची आणि माझ्या शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याची चहाची दोस्ती होती. सहकाऱ्याचीही पीएचडी चालू होती. झालं, माझी खात्री पटली. मी रसायनांच्या बाटल्यांवर पातळीच्या खुणा करायला लागलो. डिंकाच्या कपाटाला कुलूप लावलं आणि वर कडीला काळा दोरा गुंडाळला, म्हणजे कुणी उघडलं तर कळेल. सकाळी आलो की आधी दोरा बघायचो. एकदा तो तुटलेला सापडला. मी भाऊंना सगळ्यांसमोर विचारलं, "कपाट कुणी उघडलं?" ते म्हणाले, "पाल होती सर, झाडू मारला." मी म्हटलं, "पाल बरी कपाटाच्या कडीवर चढते!" त्यांनी खाली वाकून तुटलेला दोरा उचलला. दप्तर उघडून दाखवणाऱ्या पोरासारखा त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला आणि मी पटकन नजर वळवली.

याच्या आधी, पहिल्या बॅचच्या सुमारास, एकदा मी त्यांना आणखी एका गोष्टीवरून झापलं होतं. डिस्टिल्ड पाण्याचा वीस लिटरचा कॅन रिकामा होता आणि माझं काम अडलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, आमचं कॉलेजही त्याच्या कडेवर. त्या पाण्यानं आमच्या डिस्टिल्ड पाणी करायच्या यंत्राच्या कॉईलवर बोटभर पांढरा थर चढायचा. खरवडला तर चार दिवस चालायचं, मग पुन्हा बंद. दुरुस्तीचं पत्र ऑफिसात पडून. त्यात वीज जायची ती वेगळी. पण मी काही ऐकून घेतलं नाही. "मला कारणं सांगू नका," म्हणालो. "हा कॅन मला परत रिकामा दिसता कामा नये." कॅनवर ठळक अक्षरात 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच.

कॅन त्यानंतर कधी रिकामा दिसला नाही. मी मनात म्हटलं, बघा, जरा दरडावल्याशिवाय माणसं सरळ होत नाहीत.

मे महिन्याच्या मध्याला घरगुती फिल्टर विकणारा एक विक्रेता स्टाफरूममध्ये आला. त्याच्याकडे पेनाएवढं एक यंत्र होतं. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत ते आकड्यात दाखवायचं. त्यानं बोअरच्या पाण्यात बुडवलं, चार आकडे आले, सगळे हाय हाय करायला लागले. मग म्हणाला, "सर, तुमच्या लॅबमधलं डिस्टिल्ड आणा. शून्य कसं दिसतं ते दाखवतो." मीच कौतुकानं बीकर भरून आणलं.

पेनावर शून्य आलं नाही. तीन आकडी संख्या आली, आणि तीही चांगली मोठी. विक्रेत्यानं पेन पुसून पुन्हा बुडवलं. तोच आकडा. तो हसून म्हणाला, "सर, हे तर घरोघर विकत येतं ते जारवाल्यांचं पाणी दिसतंय."

मला माझाच डिंक आठवला. डिंकाला शेपट्या जोडून झाल्या की शेवटी तो याच पाण्यात धुवायचा असतो. पाण्यात कॅल्शियम असलं तर ते जाऊन नेमकं त्या शेपट्यांना चिकटतं. साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, आणि डिंक फुगायचं नाव घेत नाही. हे मी स्वतःच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. फक्त आपल्या कॅनमध्ये वाकून बघावं, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. माझ्या अक्षरावर मी संशय कशाला घेणार?

विक्रेता चहा पीत होता तोवर मी पेन मागून घेतलं आणि प्रयोगशाळेत गेलो. भाऊ ब्युरेटच्या काचेच्या नळ्या उलट्या करून सुकत घालत होते.

"भाऊ, कॅनमध्ये काय टाकता?" माझा आवाज चढलाच होता. चोर सापडला, असंच वाटत होतं.

"पानी, सर."

"कुठलं पाणी?"

ते गोंधळले. हातातली ब्युरेट जपून खाली ठेवली. "मशीन चालली की मशीनचं. बंद असली की जारचं."

"कुठल्या जारचं?"

"घरच्या. आमच्या इथं दोन जार येतात रोज. बायकोसाठी लावले न. एक सायकलीवर बांधून आनतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही म्हनलं होतं, कॅन खाली दिसला नाई पाह्यजे. बोअरचं टाकलं असतं त तुमचं काम बिघडलं असतं. म्हनून चांगलं टाकलं सर. घरी आम्ही बाकीचे बोअरचंच पेतो."

मी वही काढली. बॅचच्या तारखा त्यांच्या रजिस्टरमधल्या यंत्र बंद असल्याच्या तारखांशी एकेक करून ताडून पाहिल्या. त्यांनी प्रत्येक बंद दिवस गिचमिड अक्षरात नोंदवून ठेवला होता, मी ते रजिस्टर कधी उघडलंच नव्हतं. फसलेली प्रत्येक बॅच जारच्या पाण्यातली होती. जमलेली प्रत्येक यंत्राच्या पाण्यातली. एकही अपवाद नाही. पुढे मी मलकापूरहून शुद्ध पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणून लागोपाठ तीन बॅच केल्या, तिन्ही जुळल्या आणि गाइडनी 'गुड' एवढ्या एका शब्दाचं उत्तर पाठवलं. पण ते नंतरचं.

त्या दुपारी मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. माझे आकडे खरे होते, बाई खरी होती, सहकारी निर्दोष होता, माझ्याविरुद्ध कुणी कट केला नव्हता, आणि जूनला अजून पंधरा दिवस होते. मी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि भडाभडा समजावून सांगायला लागलो. शेपट्या, कॅल्शियम, साखळ्या. तुमची चूक नाही, माझीच चूक. तुम्ही कॅन भरला नसतात तर मी पुन्हा ओरडलो असतो. जारचं पाणी म्हणजे जेमतेम गाळून गार केलेलं बोअरचं पाणी असतं, त्यातला क्षार सगळा निघतच नाही, हे बघा. असं म्हणून मी पेन पुन्हा कॅनमधल्या पाण्यात बुडवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

भाऊ आकड्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"हे जारचंच हाय?"

"हो ना. कालच भरलंत ना तुम्ही?"

"हाव. कालच." ते पुन्हा वाकून बघायला लागले. "अन शुद्ध असलं त किती दिसते?"

"शून्य. पिण्याचं चांगलं असेल तर शे-दीडशे."

त्यांनी कॅनचं झाकण लावलं. माझा उत्साह तोवर पुरता उतरला नव्हता. मी अजून काहीतरी बोलतच होतो.

"सर," ते मध्येच म्हणाले, "हे पानी डिंकाले चालत नाई?"

"नाही."

"मंग तिले चालते काय?"

तेव्हा कुठे मी पेन खाली घेतलं. मी डॉक्टर नाही, असं काहीतरी म्हणालो.

"थे मले मालूम हाय. पन तुम्ही शिकेल हाय. सांगा न."

किडनीच्या रोग्याला काय चालतं आणि काय नाही, हे मी दर वर्षी शिकवतो. मी सांगितलं, "नाही चालत, भाऊ. तिला तर नाहीच."

"डाक्टरनं सांगतलं होतं, मीठ कमी करा अन पानी चांगलं पाजा. मीठ तिनं सोडूनच देल्लं. आयनी, बिनमिठाची भाजी खाते." ते बाकावर बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत बसलेलं पाहिलं नव्हतं. "तरी दर खेपेले रिपोर्ट वाढूनच येते. म्या तिले बोललो सर. म्हनलं, तू चोरून मीठ खात असशीन. लय बोललो. डबे लपवले. थे रडली, पन म्या आयकलं नाई."

बाहेर विक्रेत्यानं मोटरसायकल सुरू केली आणि पुन्हा बंद केली. पेनाची वाट बघत असावा.

"एक विचारू काय? रागावू नका," भाऊ म्हणाले.

"विचारा ना."

"चार महिन्यापासून तुम्ही माह्यावर संशय घेऊन राह्यले. मले समजत होतं. त्याचं काई नाई. पन थोच संशय तुम्ही पान्यावर काऊन नाई घेतला? तुमाले त समजत होतं न यातलं. चार महिने आंदी घेतला असता, त चार महिने तरी थे हे पानी पेली नसती."

मी समोरचं रजिस्टर मिटलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन मागितलं, घरच्या जारमध्ये बुडवून बघतो म्हणाले, आणि अर्ज न देता निघून गेले. मी बाहेर जाऊन विक्रेत्याला पेनाचे पैसे देऊन टाकले.